मोर्चा शेवटच्या रांगेच्या चालीने चालवा

महिलांवरच्या अत्याचाराविरोधात ठाण्यात मोर्चा काढायचा म्हटलं की पहिल्या बैठकीचा निम्मा वेळ बॅनर कोण धरणार आणि शेवटी भाषण कोण करणार यातच जातो. आमचं म्हणणं असं, की पहिल्या बैठकीत शेवटच्या रांगेबद्दल बोलावं. त्या रांगेत गुडघे दुखणाऱ्या आजी असतात, कडेवर मूल घेतलेली बाई असते, सकाळपासून चार घरची धुणीभांडी करून आलेली ताई असते, कुबडी किंवा व्हीलचेअर वापरणारी मुलगी असते. आणि बहुतेक वेळा अशीही कुणी असते, जिला काहीतरी सांगायचंय पण अजून धीर होत नाहीये. रस्ता किती लांब, वेळ कोणती, पाणी किती, घोषणा कोण देणार हे सगळं या रांगेकडे बघून ठरवलं तर चुका निम्म्याने कमी होतात.

आधी वार आणि वेळ ठरवू. रविवारची सकाळ मोकळी वाटते, पण घराघरांत तेव्हा नाश्ता आणि जेवणाची घाई असते. ती घाई कोणाच्या वाट्याला येते हे वेगळं सांगायला नको. नोकरदार बायका कामाच्या दिवशी लोकलमधून उतरेपर्यंत आठ वाजतात. म्हणून रविवारी संध्याकाळी साडेचारला जमायचं आणि पाचला निघायचं, ही वेळ त्यातल्या त्यात सोयीची: दुपारचं आवरलेलं असतं आणि रात्रीच्या स्वयंपाकाआधी घरी पोचता येतं. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक साधारण सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी चारच्या सुमारास संपतो, पण गाड्या त्यानंतरही बराच वेळ उशिराने धावतात. डोंबिवली-कल्याणकडून किंवा ट्रान्सहार्बरने ऐरोली-वाशीकडून येणाऱ्यांना शनिवारीच वेळापत्रक पाहून कळवा.

२५ नोव्हेंबर हा महिलांवरील हिंसाचार निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या मिराबाल भगिनींची १९६० मध्ये याच दिवशी हत्या झाली होती. संयुक्त राष्ट्रांनी १९९९ मध्ये हा दिवस जाहीर केला. तिथून १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनापर्यंतच्या सोळा दिवसांत बरेच कार्यक्रम होतात. ठाण्यात त्यातल्या दोन तारखा सांभाळायच्या: २६ नोव्हेंबर, संविधान दिन, आणि ६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. या दिवशी कोर्टनाक्याला बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी अभिवादनाला लोक येतात. त्यांच्या गर्दीत आपला मोर्चा घुसवू नये. नवरात्रात टेंभीनाका आणि गुढीपाडव्याला स्वागतयात्रेचे रस्ते, हेही टाळा. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे पाचला निघालेल्या मोर्चाचा शेवट अंधारात होणार हे धरूनच चाला.

मार्ग गावदेवी मैदान किंवा तलावपाळीपासून निघून जांभळी नाका, टेंभीनाका आणि कोर्टनाका असा ठेवला तर सगळं दोन किलोमीटरच्या आत बसतं, स्टेशन जवळ राहतं आणि शेवट जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परिसरात होतो. घोडबंदर रोडवर मोठी संकुलं आहेत म्हणून मोर्चा तिकडे काढायचा आग्रह होतो, पण तो अवजड वाहनांचा महामार्ग आहे. तिथे संकुलांच्या आतल्या रस्त्यांवरून छोट्या फेऱ्या काढलेल्या बऱ्या. नवी मुंबईत रस्ते रुंद असल्याने चालणं सोपं जातं, मात्र पोलीस आयुक्तालय वेगळं आहे. ठाण्यात केलेला अर्ज तिथे चालत नाही.

आता रस्त्याच्या रुंदीचं गणित बघा, कारण मोर्चा बहुतेक इथेच तुटतो. चारशे माणसं चारच्या रांगेत चालली तर शंभर रांगा होतात. दोन रांगांमध्ये दीड मीटर धरलं तर मोर्चाची लांबी दीडशे मीटर. आजींच्या चालीने वेग ताशी दोन किलोमीटर, म्हणजे मिनिटाला साधारण तेहतीस मीटर. एका ठिकाणावरून अख्खा मोर्चा पुढे सरकायला साडेचार मिनिटं लागतात. जांभळी नाक्याच्या बाजारात हातगाड्या, रिक्षा आणि माल उतरवणारे टेंपो यांच्यामधून चारची रांग जात नाही, दोनची होते. तीच माणसं आता तीनशे मीटर पसरतात आणि तिथून पार व्हायला नऊ मिनिटं घेतात. पुढच्यांना हे दिसत नाही. बाजार ओलांडून रस्ता मोकळा झाला की त्यांची पावलं आपोआप वाढतात, मागे फट पडते, फटीत रिक्षा शिरते, आणि शेवटच्या दहा रांगा मोर्चापासून वेगळ्या होऊन फुटपाथवरून धावत सुटतात. धावायला लागलेली आजी पुढच्या मोर्चाला येत नाही.

उपाय साधा आहे. चारशेच्या साठ-साठच्या सात तुकड्या करा. प्रत्येक तुकडीला पुढे एक आणि मागे एक स्वयंसेविका. बाजार ओलांडल्यावर पहिल्या तुकडीने थांबायचं आणि शेवटची तुकडी येईपर्यंत हलायचं नाही. थांबायची जागा आदल्या रविवारी त्याच वेळी चालून पाहून नक्की करा. कागदावर रुंद दिसणारा रस्ता संध्याकाळी फेरीवाले बसल्यावर निम्मा उरतो. चौकात वाहतूक पोलीस हाताने गाड्या थांबवतात तेव्हा साठ माणसांची तुकडी पंधरा मीटरचा रस्ता सव्वा मिनिटात ओलांडते. अख्ख्या मोर्चासाठी पाच मिनिटं गाड्या अडवायला कोणीही तयार होणार नाही, सव्वा मिनिटासाठी मात्र होतात.

स्वयंसेवक वीस माणसांमागे एक, म्हणजे चारशेला वीस. यातल्या दोघी अगदी शेवटी चालणार. या दोघी सगळ्यांत अनुभवी असाव्यात, आणि मोर्चाचा वेग त्यांनीच ठरवायचा. पुढच्या दोघींशी त्यांचा फोन सतत चालू. शेवटच्या स्वयंसेविकेने ‘थांबा’ म्हटलं की पुढचा बॅनर थांबला पाहिजे, मग बॅनर कोणीही धरलेला असो. वाहनांच्या बाजूला दर दहा मीटरवर एक जण, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट. दोर धरायचा असेल तर फक्त वाहनांच्या बाजूने आणि कमरेच्या उंचीवर. खाली लोंबला की साडीत अडकतो. पोलिसांशी बोलायला एकच माणूस नेमा. चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या की बंदोबस्तावरचे अधिकारी सगळ्यात कडक अर्थ घेतात.

परवानगीचा विषय. शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमणं हा संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ख) नुसार हक्क आहे, आणि त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. आपल्याकडे हे निर्बंध बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली येतात. ३७(१) च्या आदेशात लाठ्या-काठ्या, ज्वालाग्राही पदार्थ, प्रतिमा मिरवणं यांना मनाई असू शकते आणि ३७(३) खाली जमावाला. त्या काळात असा आदेश लागू आहे का, हे अर्ज देतानाच विचारा. अर्ज दहा दिवस आधी द्या: आयोजकांची नावं आणि पत्ते, वळणासकट मार्ग, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, अंदाजे संख्या, वाहन आहे का, ध्वनिक्षेपक आहे का, फलकांवरचा मजकूर, आणि महिला पोलीस देण्याची विनंती. प्रत वाहतूक शाखेला. मैदान वापरायचं असेल तर महापालिकेकडे वेगळा अर्ज. हा मार्ग एकाहून जास्त पोलीस ठाण्यांच्या हद्दीतून जाऊ शकतो, म्हणून हद्द कुठे बदलते हे पोलीस ठाण्यातच विचारून दोन्हीकडे प्रत द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या.

परवानगीचं पत्र पुष्कळदा आदल्या संध्याकाळी हातात पडतं आणि त्यात मार्ग बदललेला असतो. म्हणून पत्रकावर मार्ग छापू नका, फक्त जमण्याची जागा आणि वेळ छापा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस आयोजकांना येऊ शकते. ती आली म्हणजे गुन्हा नोंदला असं नव्हे. अटी पाळा असं लेखी बजावणं, एवढाच तिचा अर्थ. नव्या आयोजकांच्या घरचे ती पाहून घाबरतात, त्यांना आधी सांगून ठेवा. चालायची परवानगी मिळालीच नाही तर एका जागी तासभर शांत उभं राहायची परवानगी मागा. ती मिळण्याची शक्यता जास्त असते. वयस्कर बायकांना ते सोपंही जातं.

काठ्यांबद्दल एक गोष्ट. बांबूला लावलेला फलक पोलीस बाजूला काढायला लावतात, आणि ते बरोबरच आहे, कारण गर्दीत त्याचं टोक डोळ्यात जातं. पांढरी कार्डशीट २२ बाय २८ इंचांची मिळते, ती हातात धरूनच चाला. अक्षर तीन इंच उंच असेल तर रस्त्यापलीकडून, तीसेक फुटांवरून, वाचता येतं. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे एका ओळीला पाच इंच लागतात. म्हणजे दोन किंवा तीन ओळी, एकूण सहा-सात शब्द. त्याहून जास्त लिहिलं तर वाचणारा पहिले दोन शब्द वाचतो आणि सिग्नल सुटतो. काळा किंवा गडद निळा मार्कर घ्या. पिवळा आणि नारिंगी रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात नाहीसा होतो. पावसाळ्यात पुढून पारदर्शक प्लास्टिक, नाहीतर तलावपाळीपर्यंत शाई ओघळते.

मेणबत्त्या नकोत. तलावावरून वारा येतो, ओढण्या आणि साड्या बहुतेक कृत्रिम धाग्याच्या असतात, गर्दीत मागची मेणबत्ती पुढच्या पदराला लागते. मशाली तर नकोतच. बॅटरीवरचे छोटे दिवे घ्या, नाहीतर मोबाईलचा उजेड पुरतो.

घोषणांचं असं होतं की दीडशे मीटर मागे पुढची घोषणा नुसत्या गलक्यासारखी पोचते, आणि मागचे अर्ध्या शब्दाने मागे पडतात. प्रत्येक तुकडीची घोषणा देणारी वेगळी ठेवा. दोन हातातले भोंगे पुरतात, एक पुढे आणि एक शेवटून दुसऱ्या तुकडीत. त्यांचे सेल नवे घाला आणि एक जोड जादा ठेवा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी लागते. शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्या शंभर मीटर परिसरात शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं, म्हणून कोर्टनाक्याजवळ भोंगा बंद करून शांत चाला. आमच्या मते हा शांत टप्पा मोर्चाचा सगळ्यात परिणामकारक भाग ठरतो. तोपर्यंत रस्त्यावरच्या लोकांनी आवाज ऐकलेला असतो, आता ते फलक वाचतात.

घोषणांच्या मजकुराबद्दल आम्ही हट्टी आहोत. ‘फाशी द्या’ ही घोषणा मनातून येते, राग खरा असतो. पण तिला उत्तर देणारं कार्यालय ठाण्यात नाही. शिवाय त्रास देणारा बऱ्याचदा ओळखीचा, नात्यातला, कामावरचा असतो, आणि शिक्षा जितकी भयंकर तितका ‘त्याचं आयुष्य बरबाद करशील’ हा दबाव तिच्यावर जास्त येतो. ‘पोच द्या, तारीख द्या’, ‘समितीची नावं फळ्यावर लावा’, ‘दिवे लावा, बस लावा’ अशा घोषणांना कोणाला तरी उत्तर द्यावंच लागतं. अधिकाऱ्यांना बांगड्यांचा आहेर करण्याचा प्रकार तर आपल्या मोर्चात मुळीच होऊ देऊ नका. बांगड्या घालणारा भित्रा असतो, हेच तो आहेर सांगतो. हजारभर बांगड्या भरलेल्या हातांच्या मोर्चात त्याला जागा नाही. ‘आयाबहिणींची अब्रू’ हे शब्दही गाळा. हिंसा होते ती एका माणसावर. तिचं कुणाशी नातं असो वा नसो, ती स्वतःच्या हक्काने रस्त्यावर असते. तृतीयपंथी व्यक्तींना बोलावलंत तर त्यांना कडेला नाही, तुकडीच्या मध्यावर जागा द्या.

एखाद्या ताज्या घटनेवरून मोर्चा निघत असेल तर पीडितेचं नाव, फोटो, तिच्या आईवडिलांची नावं, सोसायटी, शाळा यातलं काहीही फलकावर येता कामा नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली ओळख उघड करणं हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ लागतं. मुलगी मरण पावली असली तरी तिचं नाव परस्पर वापरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं आहे. मोर्चा निघायच्या आधी दोघींनी प्रत्येक फलक वाचून काढायचा. बाहेरून स्वतःचा फलक घेऊन येणारे असतात, त्यांचाही.

रेल्वे रुळांवर जाऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर लोकांचा संताप रुळांवर उतरला, तासन्‌तास गाड्या थांबल्या, आणि नंतर अनेक आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले. गाडी अडवणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १७४ खाली गुन्हा आहे. राग योग्यच होता. पण ज्या पोरांनी आणि बायांनी त्या दिवशी पाऊल उचललं त्यांनी पुढची वर्षं तारखांना जावं, हे आम्हाला नको आहे.

पाणी. दोन तासांसाठी माणशी २५० ते ३०० मिलिलिटर धरलं तर चारशेंना शंभर ते एकशेवीस लिटर, म्हणजे वीस लिटरचे सहा जार. दोन जमण्याच्या जागी, दोन मध्यावरच्या थांब्यावर, दोन शेवटी. पण नुसतं पाणी ठेवून बायका पीत नाहीत, कारण पुढे स्वच्छतागृह मिळेल की नाही याची खात्री नसते. मार्गावरची दोन स्वच्छतागृहं आदल्या रविवारी प्रत्यक्ष उघडून पाहा. संध्याकाळी कुलूप असतं, किंवा बायकांच्या बाजूला दिवा नसतो. कुलूप असेल तर एखाद्या दुकानदाराला किंवा सभागृहाच्या व्यवस्थापकाला विचारून ठेवा. कुठे आहे ते निघतानाच भोंग्यावरून सांगा. पिशवीत ओआरएस, पट्ट्या, ग्लुकोज बिस्किटं, सॅनिटरी पॅड. रुग्णवाहिकेसाठी १०८.

फोटोंवरून सर्वाधिक नुकसान होतं, आणि ते मोर्चा संपल्यानंतर होतं. घरी न सांगता आलेली बाई असते. जिच्या नवऱ्यावर खटला चालू आहे ती असते. कामावर साहेबाविरुद्ध तक्रार दिलेली मुलगी असते. यांच्यासाठी जमण्याच्या जागी पिवळ्या फिती ठेवा: मनगटाला पिवळी फीत म्हणजे फोटो नको. या सगळ्या जणी तुकडीच्या आतल्या बाजूला चालतील. आयोजकांचे फोटो काढणारे दोघेच, आणि त्यांनी पाठीमागून किंवा फलकांचे फोटो घ्यायचे. थेट प्रक्षेपण नको, त्यात काही कापता येत नाही. वृत्तवाहिन्यांच्या प्रतिनिधींना फितीचा अर्थ आधी समजावून सांगा.

व्हॉट्सअ‍ॅपचा साधा ग्रुप करू नका. त्यात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, कोण कोणाला सामील करतंय यावर ताबा राहत नाही, आणि छळाविरुद्धच्या ग्रुपमधूनच नंबर बाहेर जाऊन रात्री-अपरात्री फोन यायला लागतात. ब्रॉडकास्ट यादी किंवा कम्युनिटीचा घोषणा विभाग वापरा, तिथे सदस्यांना एकमेकींचे नंबर दिसत नाहीत. हजेरीची वहीही फिरवू नका. पुढे संपर्क हवा असेल तिने चिठ्ठी लिहून बंद डब्यात टाकावी, आणि डबा एकीच्याच ताब्यात असावा.

आता शेवटच्या रांगेतल्या त्या मुलीबद्दल. मोर्चात चालताना, घोषणांच्या गलक्यात, शेजारचीला काहीतरी सांगणं सोपं वाटतं. त्यामुळे असं सांगणं येणार हे धरूनच तीन-चार जणींना ‘ऐकणाऱ्या’ म्हणून नेमा. त्यांनी घोषणा द्यायच्या नाहीत, फलक धरायचा नाही, मोर्चाच्या मागच्या भागात चालायचं. दंडाला जांभळी पट्टी, आणि ती कशासाठी हे निघताना जाहीर करा. कुणी बोलायला लागली की तिला कडेला घ्या, पण नजरेआड नेऊ नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस. आत्ता घरी जायला सुरक्षित वाटतंय ना?’ एवढंच पुरे. ‘तेव्हाच का नाही बोललीस’ विचारू नका, ध्वनिमुद्रण नको, तिला माईकवर बोलायला उभं करू नका. ‘आम्ही त्याला आत टाकू’ असं आश्वासन तर अजिबात देऊ नका. बोलणारी अठरा वर्षांखालची असेल तर कायदा वेगळा आहे. पॉक्सोच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ही गोष्ट तिला सुरुवातीलाच, तिला समजेल अशा शब्दांत सांगा. सगळं ऐकून घेऊन मग सांगितलं तर तो विश्वासघात वाटतो.

तिच्या हातात द्यायला व्हिजिटिंग कार्डाएवढं कार्ड करा, मोबाईलच्या कव्हरमागे राहील असं. वर मोठं शीर्षक नको. घरी कोणी पाहिलं तर नुसते नंबर दिसावेत: ११२ तातडीची मदत, १८१ महिला हेल्पलाइन, १०९८ मुलांसाठी, १९३० सायबर आर्थिक फसवणूक, १३९ रेल्वे. मागच्या बाजूला तीन ओळी. पहिली: कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्द नसली तरी, गुन्हा नोंदवता येतो, आणि त्याची प्रत मोफत मिळते. दुसरी: महिलांना, उत्पन्न कितीही असलं तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तिसरी: घरातल्या हिंसेसाठी २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्यासाठी आधी पोलिसांकडे गेलंच पाहिजे असं नाही.

मोर्चातच कुणी हात लावला, धक्का दिला, तर? होतं असं, आणि बघ्यांमधलाच कोणी असेल असंही नाही. मारायचं नाही. मारहाण झाली की तिची तक्रार बाजूला पडते आणि मारणाऱ्यांवरची तक्रार पुढे येते. दोन स्वयंसेविकांनी तिच्याजवळ उभं राहायचं, दोघांनी त्याला वाटेतून हलू द्यायचं नाही, आणि महिला पोलिसाला बोलवायचं. तक्रार द्यायची की नाही हे तीच ठरवेल. पुरुष कार्यकर्त्यांनी यात पुढे होऊन शौर्य गाजवायची गरज नाही. जार उचलणं, वाहनांच्या बाजूला उभं राहणं, फलक गोळा करणं आणि घरी मुलं सांभाळून घरातल्या बाईला मोर्चाला पाठवणं ही कामं त्यांना आनंदाने द्या. शेवटचं काम सगळ्यात मोठं आहे.

सहा वीसच्या सुमारास कोर्टनाक्याला पोचलात की भाषणं तीनच, भोंग्याविना, पाच-पाच मिनिटांची. सातला संपवा. पांगण्याचीही योजना लागते: स्टेशनकडे जाणाऱ्या एकत्र, टीएमटीच्या बसने जाणाऱ्या एकत्र, रिक्षाने जाणाऱ्यांच्या दोघी-तिघी. शेवटच्या दोन स्वयंसेविका शेवटची बाई निघाल्यावर निघतील. फलक रस्त्यावर टाकून जाऊ नका, सफाई कामगार बायकांनाच ते उचलावे लागतात.

रविवारी कार्यालयं बंद, त्यामुळे निवेदन सोमवारी. पाच जणींचं शिष्टमंडळ पुरतं. एकच निवेदन सगळ्यांना देऊ नका, नाहीतर प्रत्येक कार्यालय ते दुसऱ्याकडे ‘पुढील कार्यवाहीस्तव’ पाठवतं आणि ते फिरत राहतं. महापालिकेला फक्त महापालिकेच्या गोष्टी लिहा: बंद दिव्यांच्या खांबांचे क्रमांक, कुलूपबंद स्वच्छतागृहांच्या जागा, टीएमटीचे रात्रीचे थांबे. पोलीस आयुक्तालयाला गस्त आणि ठाण्यांत महिला अधिकाऱ्यांच्या उपस्थितीबद्दल. स्टेशनच्या आतल्या गोष्टी लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा बलाकडे, ते शहर पोलिसांच्या हाती नाही. शाळांबद्दल शिक्षण विभागाला विचारा की कोणत्या शाळांत सखी सावित्री समिती, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती, नुसती कागदावर आहे.

जिल्हाधिकाऱ्यांकडे मागायची गोष्ट आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच निवेदनांतून सुटते. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी, नसेल तर मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. पण दहाहून कमी माणसांचं दुकान, वागळे इस्टेटमधला छोटा गाळा, घरकामाची जागा यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मालकाविरुद्धच तक्रार असेल तरीही तीच. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. घोडबंदरच्या एखाद्या टॉवरमध्ये काम करणाऱ्या ताईला ही समिती कुठे बसते हे माहीत नसेल तर तिच्यासाठी कायदा नसल्यासारखाच. म्हणून मागणी अशी लिहा: स्थानिक समितीच्या सदस्यांची नावं, पत्ता, दूरध्वनी, तक्रार स्वीकारण्याची वेळ, हे मराठीत आणि हिंदीत, प्रत्येक प्रभाग समितीच्या कार्यालयाबाहेर लावावं, आणि कोणत्या तारखेपर्यंत लावणार ते कळवावं.

प्रत्येक निवेदनाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेबांना दाखवून पोच देतो’ म्हटलं तर तिथेच बसून राहा. तीस दिवसांनी प्रत्येक आवक क्रमांकावर माहिती अधिकाराचा वेगळा अर्ज टाका: जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. प्रश्न एकच ठेवा, या निवेदनावर कोणत्या तारखेला कोणी काय टिपणी लिहिली त्याची प्रत द्यावी. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. आवक क्रमांकांची वही कोणाकडे राहणार, हे मोर्चाच्या पहिल्या बैठकीतच लिहून ठेवा, शेवटच्या रांगेत कोण चालणार त्याच्या खालच्या ओळीत.